जलवाहिनीवरील एअर व्हॉल्व्ह: जागा, प्रकार आणि आकार कसे ठरवावेत

जलवाहिनीच्या आराखड्यात नळाचा व्यास, त्याची जाडी आणि पंपाचा दाब यांवर पानेच्या पाने गणित मांडले जाते. एअर व्हॉल्व्हच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा एका ओळीचा नियम येतो: मुख्य नळाच्या व्यासाच्या एक अष्टमांश आकाराचा व्हॉल्व्ह प्रत्येक उंचवट्यावर बसवावा. प्राथमिक अंदाजपत्रकापुरता हा नियम चालतो, परंतु त्यात एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. एअर व्हॉल्व्हला नळात हवा घ्यावीही लागते आणि नळातली हवा सोडावीही लागते, आणि या दोन कामांच्या गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. हवा आत घेताना छिद्र जितके मोठे तितके बरे. हवा बाहेर सोडताना तेच मोठे छिद्र जलाघात, म्हणजे धावते पाणी एकाएकी थांबल्याने बसणारा दाबाचा तडाखा, ओढवून आणते. ही ओढाताण प्रत्येक जागी वेगळी असते, म्हणून निवडही जागेगणिक वेगळी करावी लागते.

नळात हवा कोठून येते

नवी किंवा रिकामी केलेली वाहिनी मुळात हवेनेच भरलेली असते, आणि आत येणाऱ्या प्रत्येक लिटर पाण्यामागे एक लिटर हवा बाहेर जावी लागते. हा पहिला आणि सर्वांत मोठा साठा. दुसरा स्रोत पाण्यातच असतो. सामान्य तापमानाला आणि वातावरणीय दाबाला पाण्यात आकारमानाच्या सुमारे २ टक्के हवा विरघळलेली असते. दाब कमी झाला किंवा तापमान वाढले की ती बुडबुड्यांच्या रूपाने सुटते. पाणी चढावर चढत असताना दाब उतरत जातो, म्हणून ही हवा नेमकी उंच भागांत जमा होते. तिसरा स्रोत पंपाकडचा आहे. सक्शनच्या तोंडाशी पाण्याची पातळी खाली गेली की भोवरा होऊन हवा ओढली जाते, पंपाच्या दांड्याभोवतीच्या ढिल्या ग्लँडमधून ती आत शिरते, आणि व्हर्टिकल टर्बाइन पंप बंद असताना त्याच्या कॉलम पाइपमध्ये भरलेली हवा पंप सुरू होताच पुढे ढकलली जाते.

जमलेल्या हवेने काय बिघडते, हे आकड्यांतच पाहावे. उताराच्या नळात अडकलेल्या हवेच्या पोकळीखालून पाणी पातळ थराने वाहते, आणि त्या पोकळीच्या उभ्या उंचीइतके हेड, म्हणजे मीटरमध्ये मोजलेला पाण्याचा दाब, वाया जाते. एका उंचवट्यापलीकडे पोकळीची उभी उंची ४ मीटर असेल आणि असे पाच उंचवटे असतील, तर पंपाला २० मीटर जादा हेड द्यावे लागते. वाहिनीचा प्रवाह हळूहळू घटतो, विजेचा खर्च वाढतो, आणि दोष मात्र जुन्या नळाच्या आतील खरबरीतपणाला दिला जातो. वेगवान प्रवाह हवा आपोआप वाहून नेतो हे खरे, परंतु त्यासाठी लागणारा वेग नळाच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आणि उताराबरोबर वाढत जातो. त्यामुळे मोठ्या व्यासाच्या तीव्र उतारावर त्या वेगाच्या भरवशावर राहता येत नाही.

व्हॉल्व्हचे प्रकार

मोठ्या छिद्राचा व्हॉल्व्ह वाहिनी भरताना हवा बाहेर सोडतो आणि रिकामी होताना आत घेतो. पाणी आले की त्याचा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा भाग, वर उचलला जाऊन छिद्र बंद होते, आणि पुढे दाब टिकून असेपर्यंत खाली हवा जमली तरी तो उघडत नाही. लहान छिद्राचा व्हॉल्व्ह याउलट वागतो: वाहिनी पूर्ण दाबाखाली चालू असतानाही त्याच्या पोटात हवा जमली की फ्लोट खाली उतरतो, हवा थोडी थोडी सुटते आणि फ्लोट पुन्हा बसतो. दोन्ही कामे एकत्र करणाऱ्या व्हॉल्व्हला संयुक्त किंवा डबल अॅक्टिंग एअर व्हॉल्व्ह म्हणतात. याखेरीज बाहेर जाणाऱ्या हवेला ठरावीक वेगानंतर आवळणारे जलाघातरोधक व्हॉल्व्ह आणि फक्त हवा आत घेणारे निर्वात व्हॉल्व्ह असे विशेष प्रकार आहेत. शंका असेल तेथे संयुक्त व्हॉल्व्ह घालावा, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो वाईट नाही. मात्र तेवढ्याने आकाराचा प्रश्न सुटत नाही.

पहिली पायरी: एल-सेक्शनवर जागा ठरवणे

वाहिनीचा लांबीच्या दिशेचा छेद, म्हणजेच एल-सेक्शन, योग्य प्रमाणात काढून समोर ठेवावा आणि त्यावर हायड्रॉलिक ग्रेड लाइन, म्हणजे नळातील दाबाने पाणी जागोजागी किती उंच चढेल ती रेषा, दोनदा आखावी: एकदा पूर्ण प्रवाहाची आणि एकदा प्रवाह थांबलेला असतानाची. येथे एक सावधगिरी हवी. जमिनीचा छेद आणि नळाचा छेद एक नसतात. जमीन सपाट दिसते म्हणून नळही सपाट टाकला, तर बसवणीतील बारीकसारीक चढउतारांत हवेच्या अनेक लहान पोकळ्या बनतात, आणि त्यांतल्या प्रत्येकीवर व्हॉल्व्ह बसवणे शक्य नसते. त्यामुळे सपाट जमिनीतही नळाला मुद्दाम चढ आणि उतार द्यावा. चढ सौम्य, साधारण ५०० मीटरला १ मीटर, आणि उतार थोडा जास्त, ३०० मीटरला १ मीटर, अशी करवती घडण ठेवली की हवा कोठे जमणार हे आपणच ठरवलेले असते.

छेदावर ज्या जागा खुणावाव्यात त्यांत पहिला मान अर्थातच उंचवट्यांचा. उंचवटा ठरवताना समुद्रसपाटीपासूनची उंची पाहू नये. ग्रेड लाइनच्या संदर्भात नळ जेथे वर येऊन पुन्हा दूर जातो तो उंचवटा धरावा. यानंतर उताराचे बदल पाहावेत. उतार जेथे एकाएकी तीव्र होतो तेथे, आणि चढ जेथे एकाएकी सौम्य होतो तेथे, पाण्याचा धागा, म्हणजे सलग स्तंभ, तुटून निर्वात होण्याचा धोका असतो. लांबलचक चढ, उतार किंवा सपाट भाग असेल तर अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशनच्या एम-५१ या पुस्तिकेप्रमाणे दर ४०० ते ८०० मीटरवर एक व्हॉल्व्ह सुचवला जातो. पंपाच्या बाहेर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या आधी, एक व्हॉल्व्ह हवाच. प्रवाह अडवणाऱ्या मोठ्या स्लुइस किंवा बटरफ्लाय व्हॉल्व्हच्या बाबतीत, तो बंद केल्यावर कोणत्या बाजूचा नळ रिकामा होणार हे पाहून त्या बाजूला एअर व्हॉल्व्ह द्यावा. हे विसरले जाण्याचे प्रमाण मोठे आहे. प्रवाहमापकाच्या आधीही लहान छिद्राचा व्हॉल्व्ह असावा, नाहीतर मीटर हवेचेही माप घेत राहतो.

एखाद्या जागी नळ ग्रेड लाइनच्या वर जात असेल, तर तेथे साधा एअर व्हॉल्व्ह चालत नाही. तेथे नळातील दाब कायम वातावरणापेक्षा कमी राहतो आणि व्हॉल्व्ह हवा सोडण्याऐवजी अखंड आत ओढत राहतो. अशा जागी शक्यतो नळाचा मार्गच बदलावा. ते जमत नसेल तर आत येणारी हवा अडवणारी जोड असलेला व्हॉल्व्ह निवडावा.

दुसरी पायरी: प्रत्येक जागेला काम नेमणे

खुणावलेल्या प्रत्येक जागेसमोर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. भरताना येथून हवा बाहेर पडणार आहे काय? नळ रिकामा होताना किंवा फुटल्यावर येथे हवा आत यावी लागेल काय? चालू दाबाखाली येथे हवा साठेल काय? मुख्य उंचवट्यावर तिन्ही उत्तरे होकारार्थी येतात, म्हणून तेथे संयुक्त व्हॉल्व्ह बसतो. लांब चढावरच्या मधल्या व्हॉल्व्हला भरताना व रिकामे होताना मोठे काम असते, पण हवा तेथे थांबत नसल्याने लहान छिद्र फारसे उपयोगी पडत नाही. मीटरच्या आधीच्या जागेला फक्त लहान छिद्र पुरते. व्हर्टिकल टर्बाइन पंपाच्या तोंडाशी हवा प्रचंड वेगाने येते आणि तिच्या पाठोपाठ पाणी आदळते, म्हणून तेथे बाहेर जाणारी हवा आवळणारी जोड असलेला व्हॉल्व्हच घ्यावा.

हा तक्ता अर्ध्या दिवसात होतो. तो न करता आकाराच्या गणिताला बसले की सगळ्या जागांवर एकच व्हॉल्व्ह लिहिला जातो.

तिसरी पायरी: हवा आत घेण्याची क्षमता

मोठ्या छिद्राचा आकार बहुतेक ठिकाणी येथेच ठरतो, त्यामुळे एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, ५०० मिलिमीटर व्यासाची उर्ध्ववाहिनी (पंपाने पाणी चढवणारी वाहिनी) एका उंचवट्यावरून पलीकडे १,८०० मीटर लांब आणि ३६ मीटर खोल उतरते, म्हणजे उतार ५० ला १ आहे. खालच्या टोकाशी १०० मिलिमीटरचा स्कावर व्हॉल्व्ह, म्हणजे नळ रिकामा करण्याचा व्हॉल्व्ह, आहे.

आधी नेहमीची दुरुस्ती घेऊ. स्कावर पूर्ण उघडला आणि ३६ मीटर हेड मिळाले, तर छिद्राचा विसर्ग गुणांक ०.६ धरून सेकंदाला सुमारे ०.१२५ घनमीटर पाणी बाहेर पडेल. उंचवट्यावरून तेवढीच हवा आत यावी लागेल. आता नळ खालच्या टोकाशी पूर्ण फुटला असे धरू. तेव्हा पाणी स्वतःच्या उताराने धावते. नळातील घर्षणाच्या हेझन-विल्यम्स सूत्रात १३० हा गुणांक घातला तर वेग सुमारे ३.६ मीटर प्रतिसेकंद आणि प्रवाह सुमारे ०.७ घनमीटर प्रतिसेकंद येतो. म्हणजे फुटीच्या वेळची हवेची गरज दुरुस्तीच्या वेळेपेक्षा साडेपाच पटींहून जास्त आहे.

यांपैकी कोणता आकडा धरावा, हे नळाच्या भिंतीवरून ठरवावे. नळ किती निर्वात सोसेल हे काढण्यासाठी पातळ नळाचे सूत्र पुरते: लवचीकता गुणांकाच्या दुपटीला, एकमधून पॉयसन गुणोत्तराचा वर्ग वजा करून येणाऱ्या संख्येने भागावे आणि त्याला जाडी भागिले व्यास या गुणोत्तराच्या घनाने गुणावे. पोलादाचा लवचीकता गुणांक २०७ गिगापास्कल आणि पॉयसन गुणोत्तर ०.३ धरल्यास, १,००० मिलिमीटर व्यासाच्या व ६ मिलिमीटर जाडीच्या नळाचा चेपण्याचा दाब सुमारे ९८ किलोपास्कल येतो. त्यावर चार पट सुरक्षा ठेवली की नळाला जेमतेम २४ किलोपास्कल निर्वात झेपतो. तीच ६ मिलिमीटर जाडी ६०० मिलिमीटर व्यासाला असेल, तर चेपण्याचा दाब ४५५ किलोपास्कलच्या आसपास जातो आणि चार पट सुरक्षेनंतरही तो नळ पूर्ण निर्वात सोसतो. गुणोत्तराचा घन असल्याने फरक एवढा मोठा पडतो. मोठ्या व्यासाच्या पातळ पोलादी नळाला फुटीचा प्रवाह धरूनच व्हॉल्व्ह द्यावा, असे माझे मत आहे. जाड भिंतीच्या डक्टाइल आयर्नच्या नळाला रिकामे करण्याचा प्रवाह धरला तरी नळ चेपत नाही. पण तेथेही निर्वात फार वाढू देऊ नये, कारण रबरी गॅस्केट आत ओढली जाते आणि सांध्यांतून बाहेरचे घाण पाणी पिण्याच्या वाहिनीत शिरते. म्हणून नळ कितीही मजबूत असला तरी ३५ किलोपास्कल, म्हणजे ०.३५ बार, ही वरची मर्यादा पाळण्याचा प्रघात आहे. नळाची स्वतःची मर्यादा याहून कमी असेल तर ती धरावी.

आपल्या उदाहरणात एक अष्टमांशचा नियम ६२.५ मिलिमीटर सांगतो. म्हणजे व्यवहारात ८० मिलिमीटरचा व्हॉल्व्ह येईल. गुणांक ०.६ धरला तर ८० मिलिमीटरचे छिद्र ध्वनिवेगाची मर्यादा गाठूनही सेकंदाला सुमारे ०.६ घनमीटरपलीकडे हवा आत घेऊ शकत नाही, आणि त्या अवस्थेत नळात निम्म्या वातावरणाइतका निर्वात झालेला असतो. हवे आहेत ०.७ घनमीटर. १०० मिलिमीटरचे पूर्ण छिद्र तीच हवा साधारण १६ किलोपास्कल निर्वातात देते. नियमाने दिलेला व्हॉल्व्ह फक्त एक आकार लहान निघाला, तरी एक पुरत नाही आणि दुसरा आरामात पुरतो. उतार २०० ला १ असता तर तोच नियम सुरक्षित ठरला असता. उतार हाच निर्णायक घटक असताना नियमात त्याला जागा नाही, ही त्याची खरी उणीव आहे.

उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना उतार असेल तर दोन्हींचे प्रवाह काढून मोठा धरावा. दोन्ही बाजू एकाच वेळी फुटतील असे धरण्याची गरज नसते. केवळ उतार बदलण्याची जागा असेल तर खालच्या आणि वरच्या भागांतील प्रवाहांची वजाबाकी पुरते. पंप एकाएकी बंद पडल्यावर धागा तुटण्याची शक्यता असलेल्या लांब उर्ध्ववाहिनीवर हे हातगणित पुरत नाही. तेथे जलाघाताचे संगणकीय विश्लेषण करून व्हॉल्व्हचे आकार त्यातून पडताळून घ्यावेत.

चौथी पायरी: हवा बाहेर सोडण्याचा वेग

वाहिनी सावकाश भरायची, हे तत्त्व येथे पाळावे लागते. भरण्याचा वेग ०.३ मीटर प्रतिसेकंद ठेवला तर ५०० मिलिमीटरच्या नळात सेकंदाला ५९ लिटर पाणी जाते आणि तेवढीच हवा बाहेर पडते. फुटीच्या वेळी आत घ्यायच्या हवेच्या तुलनेत हे बारावा हिस्सा आहे. त्यामुळे आत घेण्यासाठी निवडलेला व्हॉल्व्ह भरण्यासाठी नेहमीच पुरतो. धोका असतो तो पुरून उरण्याचा. हवा सोडताना छिद्राच्या दोन बाजूंतील दाबाचा फरक सुमारे १४ किलोपास्कलच्या आत राहावा, असे एम-५१ पुस्तिका सांगते.

कारण शेवटच्या क्षणात आहे. हवा हलकी असल्याने मोठ्या छिद्रातून पाण्याच्या स्तंभाला जवळजवळ काहीच अडथळा होत नाही, आणि हवा संपून फ्लोट बसताच धावते पाणी क्षणात थांबते. जुकोव्स्कीच्या सूत्राप्रमाणे दाबाची वाढ ही पाण्याची घनता, दाबलहरीचा वेग आणि थांबलेला वेग यांच्या गुणाकाराइतकी असते. पोलादी नळात लहरीचा वेग ढोबळमानाने सेकंदाला १,००० मीटर धरला, तर ०.३ मीटर वेग थांबल्यावर ३ बार वाढ होते आणि २ मीटर वेग थांबल्यावर २० बार. पहिली वाढ बहुतेक नळ सोसतात. दुसरी सांधे उखडते. पंप बंद पडून धागा तुटल्यावर दोन स्तंभ परत येऊन व्हॉल्व्हखाली भिडतात, तेव्हा वाढ याच्या निम्मी असते, पण तो वेग आपल्या हातात नसतो.

यावर दोन उपाय आहेत. वाहिनी कामगार हाताने भरत असतील तर लेखी सूचना देऊन भरण्याचा प्रवाह बांधून ठेवावा. जेथे पंप वीज येताच आपोआप सुरू होतो किंवा वीज वारंवार जाते, तेथे सूचना कामाची नाही. तेथे जलाघातरोधक व्हॉल्व्ह घ्यावा, ज्यात आत येण्याचा मार्ग पूर्ण मोकळा असतो आणि बाहेर जाणारी हवा वेग वाढताच लहान छिद्राकडे वळवली जाते. सुरुवातीला सांगितलेली ओढाताण मिटवणारा हाच सर्वांत सरळ मार्ग आहे.

पाचवी पायरी: लहान छिद्र

येथे गणित उलट्या दिशेने चालते. फ्लोट छिद्र उघडतो तो स्वतःच्या वजनाने, आणि त्याला छिद्रावरील दाबाशी झगडावे लागते. ३ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रावर १० बार दाब असेल तर त्याला दाबून धरणारे बल सुमारे ७ न्यूटन असते, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास. छिद्र ६ मिलिमीटरचे केले की बल चौपट होऊन २८ न्यूटनवर जाते, आणि तेवढ्या वजनाचा फ्लोट किंवा तेवढी तरफ व्हॉल्व्हमध्ये नसेल तर छिद्र कधी उघडतच नाही. बाहेरून व्हॉल्व्ह निर्दोष दिसतो, गळत नाही, आणि त्याच्या खाली हवा साठत राहते. ६ बारसाठी घेतलेला व्हॉल्व्ह १६ बारच्या वाहिनीवर बसवला की हेच घडते, म्हणून छिद्राचा व्यास आणि त्याचा कमाल चालू दाब नेहमी जोडीने लिहावा.

किती हवा सोडायची याचा वरचा अंदाज प्रवाहाच्या २ टक्के असा धरतात. ५०० मिलिमीटरच्या नळात १.२ मीटर वेगाने वाहणाऱ्या पाण्यासाठी हा आकडा सेकंदाला ४.७ लिटर मुक्त हवा इतका येतो. ६ बार दाबाखाली ३ मिलिमीटरचे छिद्र सेकंदाला सुमारे ६ लिटर मुक्त हवा सोडते. म्हणजे एवढ्या मोठ्या वाहिनीलाही ३ मिलिमीटर पुरतात! प्रत्यक्षात सगळी विरघळलेली हवा एकाच जागी सुटत नाही, त्यामुळे येथे मोठ्या छिद्राचा आग्रह धरण्याचे कारण उरत नाही.

सहावी पायरी: घडण आणि निविदेतील अटी

आकार ठरल्यावर निविदेत केवळ १०० मिलिमीटर एअर व्हॉल्व्ह असे लिहिले तर आतापर्यंतचे गणित वाया जाते. बाजारात १०० मिलिमीटरचा फ्लँज असलेल्या व्हॉल्व्हचे आतले छिद्र त्याहून बरेच लहान असू शकते. त्यामुळे छिद्राचा प्रत्यक्ष व्यास आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे ठरावीक दाबफरकाला मोजलेली हवेची क्षमता, आत घेण्याची व बाहेर सोडण्याची अशी वेगवेगळी, मागावी. हे आलेख प्रत्यक्ष चाचणीचे असावेत, केवळ सूत्राने काढलेले नसावेत.

दुसरी अट हवेच्या झोताने फ्लोट अकाली बंद न होण्याची. हलका पोकळ चेंडू थेट हवेच्या वाटेत असेल तर हवेचा वेग वाढताच तो पाणी येण्यापूर्वीच उचलला जातो आणि छिद्र बंद होते. एकदा बसला की आतला दाब त्याला तेथेच दाबून ठेवतो, आणि उंचवट्यावर हवेची मोठी पोकळी अडकून पडते. फ्लोटभोवती आडोसा असलेली किंवा झोतात न उचलला जाणारा वजनदार दंडगोल फ्लोट असलेली घडण यावर उपाय आहे. कोणत्या दाबफरकापर्यंत फ्लोट झोताने बंद होत नाही, हे पुरवठादाराने लिहून द्यावे.

तिसरी अट कमी दाबाला गळती न होण्याची. उंचवट्यावर दाब अनेकदा फक्त २ ते ३ मीटर असतो, आणि कडक बैठकीचे व्हॉल्व्ह एवढ्या दाबाला नीट बसत नाहीत. चेंबर कायम ओले राहते आणि शेवटी कोणीतरी खालचा स्लुइस व्हॉल्व्ह बंद करून गळती थांबवतो. त्याबरोबर एअर व्हॉल्व्हही बंद होतो, हे लक्षात घेतले जात नाही. म्हणून किमान बंद होण्याचा दाब निविदेत लिहावा. धातूंबाबत एवढेच पुरे की फ्लोट आणि आतील दंड गंजरोधक पोलादाचे किंवा योग्य प्लास्टिकचे असावेत आणि पिण्याच्या पाण्याला लागणारे रबर त्यासाठी मान्य असलेले असावे. मानकांमध्ये युरोपातील ईएन १०७४-४, अमेरिकेतील सी-५१२ आणि भारतातील आयएस १४८४५ ही प्रचलित आहेत. त्यांपैकी कोणतेही एक निविदेत नेमून द्यावे, सरमिसळ करू नये. सांडपाण्याच्या वाहिनीवर या लेखातील व्हॉल्व्ह वापरू नयेत. तेथे पाणी आणि बैठक यांच्यामध्ये हवेचे अंतर राखणारी लांब शरीराची वेगळी घडण लागते.

बसवणी

पाण्याबरोबर सरकणारी हवा नळाच्या छताला धरून चालते, आणि १,००० मिलिमीटरच्या नळावर ५० मिलिमीटरचे भोक असेल तर बरीचशी हवा त्याच्या बाजूने निघून जाते. म्हणून व्हॉल्व्हखाली रुंद टी द्यावी. तिचा व्यास मुख्य नळाच्या निदान निम्मा असावा, तिच्यावर आंधळा फ्लँज आणि मग व्हॉल्व्हचा जोड घ्यावा. खालचा स्लुइस व्हॉल्व्ह पूर्ण छिद्राचा असावा, अन्यथा १०० मिलिमीटरची क्षमता तेथेच आवळली जाते. व्हॉल्व्ह पातळीत, अगदी उभा बसवावा. फ्लोट तिरका राहिला की बैठक एका बाजूने झिजते.

चेंबरकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. चेंबरमध्ये पाणी साचून व्हॉल्व्हचे तोंड बुडाले असेल, तर वाहिनी रिकामी होताना व्हॉल्व्ह हवेऐवजी ते घाण पाणी पिण्याच्या नळात ओढतो. त्यामुळे चेंबरला निचरा हवा, आणि पुराची भीती असलेल्या जागी व्हॉल्व्हच्या तोंडापासून नळी काढून ती पुराच्या पातळीच्या वर न्यावी, खाली वळवावी आणि तिच्या टोकाला जाळी लावावी. ही नळी व्हॉल्व्हच्या छिद्राहून लहान नसावी. झाकणालाही हवा जाण्याएवढी मोकळी जागा लागते. घट्ट बसलेल्या काँक्रीटच्या झाकणाखाली चांगल्यातला चांगला व्हॉल्व्ह गुदमरतो.

चाचणी आणि देखभाल

वाहिनी सुरू करताना प्रत्येक एअर व्हॉल्व्हखालचा स्लुइस व्हॉल्व्ह उघडा आहे हे आधी पायी फिरून पाहावे, आणि मगच खालच्या टोकाकडून सावकाश भरणे सुरू करावे. पाणी पुढे सरकेल तसे व्हॉल्व्ह एकामागून एक बंद होत जायला हवेत. एखादा अधूनमधून फुसफुसतो आणि थांबतो, तर तो लहान छिद्राने काम करीत आहे असे समजावे. अखंड फवारा उडत असेल तर बैठकीत कचरा अडकला आहे. नव्या वाहिनीत वाळू आणि वेल्डिंगची किटणे हमखास असतात.

त्यानंतर सहा महिन्यांतून एकदा प्रत्येक व्हॉल्व्हची जागेवर चाचणी घ्यावी. खालचा स्लुइस व्हॉल्व्ह पूर्ण बंद करावा आणि व्हॉल्व्हच्या अंगावरचा निचऱ्याचा कॉक हळूहळू उघडावा. पाणी वाहून गेले की फ्लोट खाली पडल्याचा ठक् असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर फ्लोट बैठकीला चिकटला आहे. कॉक बंद करून स्लुइस व्हॉल्व्ह चतुर्थांश फेऱ्याने उघडावा, हवा निघून जाण्याचा आवाज ऐकावा आणि फ्लोट बसल्यावर तोंडाशी कोरडा हात धरून गळती पाहावी. लहान छिद्राची चाचणी वेगळी घ्यावी लागते: व्हॉल्व्ह दाबाखाली असताना खालचा स्लुइस व्हॉल्व्ह बंद करून कॉक किंचित उघडला असता पाण्याची पातळी उतरताच लहान छिद्रातून हवा फुसकन सुटली पाहिजे. वर्षातून एकदा वरचे झाकण काढून रबरी बैठक तपासावी. ती कडक झाली असेल, तिच्यावर फ्लोटचा खोल वण उमटला असेल किंवा पोकळ चेंडूत पाणी शिरून तो जड झाला असेल, तर तो भाग त्याच वेळी बदलावा. यासाठी बैठका आणि फ्लोट व्हॉल्व्हच्या मूळ खरेदीबरोबरच, प्रत्येक आकाराच्या दहा व्हॉल्व्हमागे निदान एक संच या प्रमाणात, मागवून ठेवावेत.